हजार मैलांचा उघडा रस्ता

उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहराला मोटारींचे वेड जुने. एकोणिसावे शतक सरता सरता तिथे शर्यती होऊ लागल्या होत्या. सप्टेंबर १९२१ मध्ये इटलीची पहिली ग्रां प्री भरली, तीही ब्रेशियाजवळच्या माँतिकियारीच्या सपाट रस्त्यांवर. पहिले दोन्ही क्रमांक बालो या फ्रेंच गाड्यांनी पटकावले ही त्या दिवसाची खंत. त्याहून मोठा घाव पुढच्या वर्षी बसला. १९२२ मध्ये मिलानजवळ मोंझाच्या राजउद्यानात कायमचा रेसट्रॅक उभा राहिला आणि ग्रां प्री तिकडे गेली ती गेलीच. ज्या शहराने हा खेळ देशात रुजवला त्याच्या हाती काही उरले नाही.

ही सल चार जणांच्या मनात घर करून होती. काउंट आयमो माज्जी आणि काउंट फ्रांको माझ्झोत्ती हे दोघे श्रीमंत घरचे तरुण, स्वतः शर्यतीत गाड्या हाकणारे. रेन्झो कास्तान्येतो हा संयोजनात वाकबगार. चौथा जोव्हान्नी कानेस्त्रीनी, मोटारींवर लिहिणारा पत्रकार. डिसेंबर १९२६ मध्ये कानेस्त्रीनीच्या मिलानमधल्या घरी बैठक बसली आणि त्या एका रात्रीत बेत ठरला. ट्रॅक बांधायला पैसा नाही, मग ट्रॅक हवाच कशाला? ब्रेशियाहून निघायचे, रोमला वळसा घालायचा आणि परत ब्रेशियाला यायचे. अंतर सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे हजार मैल. तेच नाव पडले, मिल्ले मिलिया. मुंबईहून निघून दिल्ली गाठावी आणि तिच्याही पुढे दीड-दोनशे किलोमीटर जावे एवढी ही मजल, आणि ती एका दमात मारायची.

या शर्यतीचा सगळा इतिहास त्या एका निर्णयातून निघाला. रस्ता लोकांचा होता. तो शेतांच्या बांधावरून, गावांच्या चौकांतून आणि डोंगरांच्या घाटांतून जाणारा, रोज बैलगाड्या, सायकली आणि दुधाचे ट्रक वाहणारा रस्ता होता. तिकीट नाही, गॅलरी नाही, कुंपण नाही. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या घराच्या उंबऱ्यावरून फुकट बघायला मिळत होत्या. मिल्ले मिलियाचे वैभव या उघडेपणात होते आणि तिचा घात झाला तोही त्यानेच.

परवानगी मिळवणे सोपे नव्हते. इतक्या प्रांतांतून, इतक्या गावांतून भरधाव गाड्या न्यायच्या म्हणजे सरकारचा आशीर्वाद हवा. तो मिळाला, कारण सत्तेवर असलेल्या फासिस्ट पक्षाचा तेव्हाचा राष्ट्रीय सचिव आउगुस्तो तुराती याची राजकीय कारकीर्द ब्रेशियातच घडली होती. नवे रस्ते, नवी यंत्रे आणि शिस्तीत उभी राहिलेली जनता हे चित्र त्या राजवटीला जगापुढे मांडायचेच होते. ब्रेशियाचा मान आणि सत्तेची हौस यांचे असे जमून आले.

२६ मार्च १९२७ रोजी ब्रेशियाच्या व्हियाले व्हेनेझिया या रुंद रस्त्यावरून ७७ गाड्या एकामागून एक सुटल्या. प्रवेश फी होती अवघी एक लिरा. दुसऱ्या दिवशी फेर्दिनान्दो मिनोइया आणि जुझेप्पे मोरांदी ही जोडी २१ तास ४ मिनिटे ४८ सेकंदांत परतली. सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण धुळीचे, खडीचे, रात्री मिट्ट काळोखातले ते रस्ते, दोन लिटरचे इंजिन आणि तारा ओढून लागणारे ब्रेक लक्षात घेतले, की त्या २१ तासांचे मोल कळते. जिंकलेली गाडी ओएम कंपनीची होती, आणि ओएम ब्रेशियातच बनत असे. पहिले तिन्ही क्रमांक तिचेच. ज्या शहराची ग्रां प्री गेली होती त्याने आपल्या रस्त्यावर आपल्याच गाडीने हिशेब चुकता केला.

त्यानंतर मात्र काळ आला तो आल्फा रोमिओचा. १९२८ ते १९३८ या अकरा शर्यतींपैकी दहा आल्फाने जिंकल्या. मध्ये एकदाच, १९३१ मध्ये, रुडॉल्फ कारात्चिओला हा जर्मन चालक अवाढव्य मर्सिडीज घेऊन आला आणि ही शर्यत जिंकणारा पहिला परदेशी ठरला.

त्या काळातले सर्वांत मोठे नाव तात्सिओ नुव्होलारी. मांतोव्हाजवळच्या गावचा, अंगाने किरकोळ, पण गाडीच्या चाकामागे बसला की कुणाला न आवरणारा. १९३० मध्ये त्याची गाठ पडली आकिल्ले वार्झीशी. दोघांच्याही हाती आल्फा, दोघेही एकाच चमूचे, आणि दोघांमध्ये वैर. वार्झी दहा मिनिटे आधी सुटला होता. दंतकथा अशी, की पहाटेच्या अंधारात नुव्होलारीने हेडलाइट बंद केले, वार्झीच्या मागे बेमालूम चिकटून राहिला आणि शेवटी दिवे लावून झपकन पुढे निघून गेला. गोष्ट कितपत खरी यावर पुढे अनेक वर्षे वाद झाले. निकालाला तिची गरजही नव्हती. दहा मिनिटे उशिरा सुटलेला माणूस पुढच्याला गाठतो म्हणजे घड्याळाच्या हिशेबात तो जिंकलेलाच असतो. नुव्होलारीने त्या वेळी १६ तास १८ मिनिटांत फेरी पूर्ण केली आणि ताशी १०० किलोमीटरची सरासरी पहिल्यांदा ओलांडली. तीन वर्षांत सरासरी ताशी २३ किलोमीटरने वाढली होती. गाड्या सुधारल्या होत्या आणि रस्तेही.

वाढला नव्हता तो बघे आणि गाड्या यांच्यातला अंतराचा वीतभर पट्टा.

१९३८ मध्ये बोलोन्या शहरात एक लान्चा आप्रिलिया ट्रामच्या रुळांवर उधळली आणि थेट गर्दीत घुसली. दहा प्रेक्षक मेले, त्यांत सात मुले. मुसोलिनीच्या सरकारने शर्यत बंद केली. १९४० मध्ये ती ब्रेशिया, क्रेमोना आणि मांतोव्हा यांच्यामधल्या बंदिस्त त्रिकोणी मार्गावर भरली आणि बीएमडब्ल्यू ३२८ ने ताशी १६६ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. हा वेग रोमच्या फेरीत कुणाला कधी साधला नाही, कारण इथे घाट नव्हते आणि शहरे नव्हती.

या १९४० च्या शर्यतीत कुणाचे फारसे लक्ष न गेलेल्या दोन गाड्या होत्या. आल्फा रोमिओतून बाहेर पडलेल्या एन्झो फेरारीने त्या बांधल्या होत्या. करारामुळे चार वर्षे स्वतःचे नाव वापरायला त्याला बंदी होती, म्हणून गाडीवर नाव होते आउतो आव्हिओ कोस्त्रुझिओनी. पैसा कमी, म्हणून फियाटच्या ११०० सीसी गाडीचे सुटे भाग घेऊन त्यांतून आठ सिलिंडरचे दीड लिटरचे इंजिन उभे केले होते. एका गाडीवर होता पुढे दोनदा जगज्जेता झालेला आल्बेर्तो आस्कारी. दोन्ही गाड्या अर्ध्यात बंद पडल्या. फेरारीच्या नावाशी जोडलेली गाड्यांची सगळी परंपरा फियाटच्या त्या साध्या गाडीच्या भागांपासून सुरू झाली.

युद्ध संपले तेव्हा इटलीत पूल पडलेले होते, टायर आणि पेट्रोल मिळणे दुरापास्त होते. चौघांपैकी माझ्झोत्ती युद्धात विमानासकट गेला होता. तरी १९४७ च्या जूनमध्ये शर्यत पुन्हा भरली, आणि ती भरवण्यात देश पुन्हा उभा राहतो आहे हे स्वतःलाच पटवण्याची आस होती. नुव्होलारी आता चोपन्न वर्षांचा होता. त्याची दोन्ही मुले वारली होती आणि फुप्फुसांनी साथ सोडत आणली होती. त्याला मिळाली चिसितालिया ही चिमुकली उघडी गाडी. तिच्या पोटात होते फियाट ११०० चेच, थोडे सुधारलेले, १०८९ सीसीचे इंजिन. समोर क्लेमेन्ते बिओन्देत्तीची आल्फा, जवळपास तीन लिटरची आणि युद्धाआधीची असली तरी दणकट. डोंगराळ रस्त्यांवर म्हाताऱ्या नुव्होलारीने सगळ्यांना मागे टाकले. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस कोसळला, इंजिनच्या मॅग्नेटोत पाणी शिरले आणि पहिला नंबर हुकला. दुसरा आला. जवळपास तिप्पट मोठ्या इंजिनाशी झुंजून आलेला तो दुसरा क्रमांक इटलीने विजयासारखा साजरा केला.

पुढच्या वर्षी तो फेरारी घेऊन आला. वाटेत मडगार्ड गेले, बॉनेट उडाले, सीट खिळखिळी झाली, तरी तो कितीतरी मिनिटे आघाडीवर होता. शेवटी रेज्जो एमिलियाजवळ मागची स्प्रिंग तुटली आणि तो गाडीतून उतरला. ती शर्यत बिओन्देत्तीने जिंकली, तीही फेरारीतच. मिल्ले मिलियातला फेरारीचा हा पहिला विजय. १९४८ ते १९५३ सलग सहा आणि नंतर दोन, असे एकूण आठ विजय या छोट्याशा कारखान्याने मिळवले. बिओन्देत्तीच्या नावावर चार विजय जमा झाले, आणि एवढे दुसऱ्या कुणालाच जमले नाहीत.

१९५० च्या दशकात मिल्ले मिलिया ऐन भरात होती. पाचशेच्या वर गाड्या सुटत. आदल्या रात्री नऊच्या सुमारास पहिली लहान गाडी लाकडी चढणीवरून खाली उतरे, आणि मिनिटा-मिनिटाच्या अंतराने हा ओघ सकाळपर्यंत चाले. ताकदवान गाड्या शेवटी. प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर रंगवलेला आकडा म्हणजे तिची निघायची वेळ. त्यामुळे रस्त्याकाठच्या शेतकऱ्यालाही मनगटावरचे घड्याळ पाहून कोण किती पुढे आहे याचा हिशेब लावता येई. डोक्यावर गोल बोलर हॅट आणि हातात झेंडा घेतलेला कास्तान्येतो एकेका गाडीला वाट करून देई.

त्या ओघात सगळ्या थरांतल्या गाड्या असत. १९५४ मध्ये इसेत्ता नावाच्या अंड्याच्या आकाराच्या, पुढून दार उघडणाऱ्या टीचभर गाड्या धावल्या आणि ताशी सत्तरहून अधिक किलोमीटरची सरासरी राखून परतल्या. १९५५ मध्ये डिझेल गाड्यांचा वेगळा वर्ग होता आणि तो मर्सिडीजच्या १८० डी या टॅक्सीला शोभेल अशा गाडीने जिंकला. फियाटची नवी ११००, म्हणजे १९५३ मध्ये आलेली ११००/१०३, तिच्या जरा तेज तुरिस्मो व्हेलोचे रूपात ढिगाने धावे. चालवणारे बहुतेक हौशी. कुणी वकील, कुणी गॅरेजवाला, कुणी नुकताच कर्ज काढून गाडी घेतलेला व्यापारी. १९५० चा विजेता जान्निनो मार्झोत्तो कापडगिरण्यांच्या घराण्यातला. तो तर दुहेरी बटणांचा सूट आणि टाय घालून फेरारी हाकत आला होता.

रस्त्यात रेल्वेची फाटकेही लागत, आणि आगगाडी काही शर्यतीसाठी थांबत नसे. १९५४ मध्ये पोर्श ५५० चालवणारा हान्स हेरमान एका फाटकापाशी आला तर फाटक खाली येत होते. ब्रेक लावून उपयोग नव्हता. त्याने शेजारी बसलेल्या हेर्बेर्ट लिंगेच्या हेल्मेटवर थाप मारली, दोघांनी माना खाली घातल्या आणि ठेंगणी पोर्श आडव्या दांड्याखालून सरकन पलीकडे गेली. मागून आगगाडी धडधडत निघून गेली. पोर्शने आपला वर्ग जिंकला.

या शर्यतीची सर्वांत मोठी अडचण मात्र फाटके नव्हती. हजार मैलांत हजारो वळणे, आणि ती सगळी ध्यानात ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. इटालियन चालकांना निम्मा रस्ता पाठ असे. परदेशी माणूस तिथे मार खाई. त्यावर तोड निघाली १९५५ मध्ये.

डेनिस जेन्किन्सन हा बुटका, दाढीवाला इंग्रज पत्रकार. साइडकारच्या शर्यतींत तो जगज्जेत्याचा जोडीदार राहिलेला, त्यामुळे वेगात शांत बसणे त्याला ठाऊक होते. वळणांची टाचणे काढायची कल्पना तो आणि अमेरिकन चालक जॉन फिच घोळवत होते. स्टर्लिंग मॉसने जेन्किन्सनला बोलावले तेव्हा फिचने मोठ्या मनाने त्याला मोकळे केले. मग मॉस आणि जेन्किन्सन यांनी संपूर्ण मार्ग पुन्हा पुन्हा पालथा घातला. एकदा सरावातच गाडी लष्कराच्या ट्रकवर आदळली. प्रत्येक अवघड वळण, प्रत्येक पूल, पलीकडचे न दिसणारा प्रत्येक चढ नोंदवला. अवघड वळणांची कठीण, अधिक कठीण आणि जिवावरची अशी तीन गटांत वाटणी केली. ही सगळी टाचणे सुमारे पाच मीटर लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरवली आणि गुंडाळी एका धातूच्या डबीत बसवली. डबीला वर पारदर्शक खिडकी, बाजूला दोन मळसूत्री दांडे. एक फिरवला की कागद पुढे सरके आणि पुढचे वळण खिडकीत येई. पाऊस आला तरी कागद भिजणार नव्हता.

बोलून सांगायचे ठरले असते तर इंजिनच्या गर्जनेत काही ऐकू आले नसते. कानातले यंत्र लावून पाहिले, तर दुसरेच काही ध्यानात आले. पूर्ण वेगात असताना मॉसचे सारे चित्त डोळ्यांत एकवटलेले असे, कानांवर पडलेले शब्द मनापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून हाताच्या पंधराएक खुणा ठरल्या. जेन्किन्सनचा हात दिसला, की मॉस त्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवणार. चढापलीकडे रस्ता सरळ आहे अशी खूण मिळाली, की पलीकडचे काही दिसत नसतानाही पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा नाही. एका अशा चढावर ताशी २७० किलोमीटरच्या आसपासच्या वेगात मर्सिडीज ३०० एसएलआर जमीन सोडून हवेत गेली आणि चारही चाकांवर सरळ उतरली. वाटेत जेन्किन्सनला ओकारी झाली. त्यासाठी मान बाहेर काढली तर वाऱ्याने चष्मा उडवून नेला. खिशात दुसरा होता, तो चढवला आणि पुन्हा हात उचलला.

१ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटलेली ७२२ क्रमांकाची ती गाडी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत ब्रेशियाला परतली. सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून जास्त. दुसरा आला हुआन मानुएल फान्जिओ, त्याच प्रकारच्या गाडीत, एकटा, सुमारे ३२ मिनिटे मागे. ज्याने आपला जोडीदार मॉसला दिला तो जॉन फिच दुकानात विकत मिळणाऱ्या मर्सिडीज ३०० एसएल मध्ये पाचवा आला. मॉसचा विक्रम कधीच मोडला नाही. नंतर मोडायला शर्यतच उरली नाही. जेन्किन्सनने हा सारा प्रवास ‘मोटर स्पोर्ट’ मासिकात लिहिला. आज प्रत्येक रॅलीत शेजारचा सहचालक वळणे वाचून दाखवतो, त्या पद्धतीच्या पूर्वजांत ही कागदाची गुंडाळी मोठ्या मानाने बसते.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सच्या ल मान्स शर्यतीत एक ३०० एसएलआर गर्दीत जाऊन आदळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. मर्सिडीजने वर्षअखेर शर्यतींतून अंग काढून घेतले. स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली. इटलीत मात्र मिल्ले मिलिया चालूच राहिली. लहान गाड्या कमी केल्या, नियम कडक केले, पण लाखो लोक होते तिथेच, रस्त्याच्या कडेला.

नुव्होलारी ऑगस्ट १९५३ मध्ये वारला. त्याच्या आठवणीसाठी १९५४ पासून शर्यत मांतोव्हातून, त्याच्या मुलखातून नेली आणि क्रेमोना ते ब्रेशिया या शेवटच्या सपाट पट्ट्यात सर्वांत वेगाने येणाऱ्याला त्याच्या नावाचे बक्षीस ठेवले. चालक तिथे उरलीसुरली सगळी ताकद लावत.

१२ मे १९५७. त्या पट्ट्यावर ग्विदिझ्झोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो या अठ्ठावीस वर्षांच्या स्पॅनिश सरदाराची फेरारी ३३५ एस येत होती. पोर्तागो घोड्यांच्या शर्यतींत, बॉबस्लेत आणि मोटारींत सारख्याच बेदरकारपणे उतरणारा. १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याचा चमू चौथा आला होता. शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. रस्ता सरळसोट, वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. टायर फुटला. गाडी कडेच्या दगडाला धडकून उसळली आणि उभ्या असलेल्या लोकांवरून पलटत गेली. पोर्तागो आणि नेल्सन जागीच गेले. त्यांच्याबरोबर नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच मुले. आपल्या गावातून जाणारी लाल गाडी बघायला ती रस्त्यापाशी उभी होती.

तिकडे ब्रेशियात पिएरो तारुफ्फी जिंकला होता. तो पन्नास वर्षांचा, १९३० पासून या शर्यतीच्या मागे लागलेला, आणि हा त्याचा पहिलाच विजय. जिंकल्यावर त्याने शर्यती सोडल्या. काही दिवसांत सरकारने सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यतींवर बंदी आणली. एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, तो १९६१ मध्ये निर्दोष सुटला. १९२७ ते १९५७ या तीस वर्षांत चोवीस शर्यती झाल्या होत्या. त्यांपैकी अकरा आल्फा रोमिओने, आठ फेरारीने, दोन मर्सिडीजने आणि एकेक ओएम, बीएमडब्ल्यू व लान्चाने जिंकल्या. बंदी योग्यच होती. ताशी ७७ किलोमीटरच्या काळात आखलेला रस्ता ताशी २५० च्या गाड्यांना वाहून नेऊ शकत नव्हता, आणि लाखो माणसांना हजार मैल लांबीच्या कुंपणामागे उभे करणे कुणालाच शक्य नव्हते. पुढे १९६१ पर्यंत रॅलीसारख्या रूपात ती चालवायचे काही प्रयत्न झाले, ते रुजले नाहीत.

पुन्हा जीव आला तो १९७७ मध्ये, पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा. जुन्या गाड्यांचे मालक जमले आणि त्यांनी जुनी वाट पुन्हा धरली. १९८० च्या दशकात ही यात्रा दरवर्षीची झाली. आता वेगाला बक्षीस नाही. रस्त्यावर रबरी नळ्या पसरलेल्या असतात. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पार करून पुढचे चाक त्या नळीवरून गेले पाहिजे, आणि चूक मोजली जाते सेकंदाच्या शंभराव्या भागात. लवकर आलात तरी गुण कापले जातात, उशीर झाला तरीही. जुन्या गाडीला जास्त गुणांक मिळतो, त्यामुळे १९२० च्या दशकातली गाडी अचूक हाकणारे जोडपे १९५० च्या दशकातल्या देखण्या फेरारीला सहज मागे टाकते. घड्याळाकडे बघत एकेक मीटर मोजणाऱ्या जोडीदाराच्या हातात जेन्किन्सनच्या गुंडाळीचे काम आजही तसेच आहे.

प्रवेशाचा नियम साधा आणि कठोर आहे. १९२७ ते १९५७ दरम्यान जे मॉडेल या शर्यतीत उतरले किंवा ज्याची नोंदणी झाली, तेच मॉडेल येऊ शकते. चारशेच्या वर गाड्या चार-पाच दिवसांत ब्रेशियाहून रोमला जाऊन परततात. निघण्याआधी शहराच्या चौकात तपासणी होते आणि गाडीला शिशाचे सील लागते, अगदी जुन्या रिवाजाप्रमाणे. शाळा सुटतात, गावोगावची मुले झेंडे घेऊन उभी राहतात. ब्रेशियाच्या वेशीवर अकराव्या शतकातला सांता एउफेमियाचा मठ आहे, तिथे २००४ पासून शर्यतीचे संग्रहालय आहे.

मिल्ले मिलियाच्या वंशावळीला आता प्रचंड किंमत आली आहे. मॉसच्या गाडीच्याच घडणीवर बेतलेल्या ३०० एसएलआर कूपे दोनच बनल्या होत्या. त्यांतली एक मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. आलेला पैसा शिष्यवृत्तीच्या निधीत गेला.

प्रवेश मिळणाऱ्या मॉडेलांच्या यादीत फियाट ११००/१०३ ही साधी चौदारी गाडीही आहे, आणि तिची दुसरी पाती थेट मुंबईत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ११००/१०३ जोडायला सुरुवात केली ती १९५० च्या दशकात. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी नावे बदलत ती प्रीमियर पद्मिनी झाली. पोटात १०८९ सीसीचेच इंजिन, चिसितालियातून नुव्होलारीला दुसऱ्या नंबरवर आणणाऱ्या इंजिनाच्या कुळातले. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत खास सुधारलेल्या फियाट धावत असत. मुंबईच्या रस्त्यांवर तिने काळ्या-पिवळ्या रंगात जवळपास सहा दशके लोकांना इच्छित स्थळी नेले.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. निदान एक तरी पद्मिनी सांभाळून ठेवा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. ही मागणी रास्त आहे आणि ती मान्य करायला वेळ गेलेला नाही. ब्रेशियात ११००/१०३ च्या मालकाला आपली गाडी शर्यतीत उतरलेल्या मॉडेलचीच आहे हे कागदावर दाखवावे लागते, म्हणून तिथे कागद जपले जातात आणि कागदांमुळे गाड्याही. महाराष्ट्रात खासगी पद्मिनी अजून आहेत. त्या कुणी कधी घेतल्या, कोणत्या गॅरेजात दुरुस्त झाल्या, कुणी त्या शर्यतीत उतरवल्या, याच्या नोंदी करण्याचे काम मोटारवेड्या संग्राहकांनी आणि कुर्ल्याच्या जुन्या कामगारांनी आत्ताच हाती घ्यायला हवे. त्या कारखान्यात गाड्या जोडलेले हात अजून आपल्यात आहेत.